पायांतले चाळ



मिरकरवाड्याच्या बंदराजवळ राहणाऱ्या माणसानें नाचावर बोलावें, हें तुमच्यापैकीं कित्येकांस चमत्कारिक वाटेल. आमच्याकडे पहाटेपासून होड्यांच्या यंत्रांची धडधड, मासळीच्या लिलावाची ओरड, बर्फाच्या गाड्यांचा खडखडाट. एका बाजूस रत्नदुर्ग, दुसरीकडे पाणी. शिवाय मी स्वतः उभ्या जन्मांत कधीं नाचलों नाहीं. मॅट्रिक होऊन, अध्यापकाचा शिक्षणक्रम पुरा करून, पस्तीस वर्षें खेड्यापाड्यांतल्या प्राथमिक शाळांतून मुलांना पाढे नि शुद्धलेखन शिकविलें, एवढीच माझी पुंजी. तेव्हां आज जें सांगणार आहें तें नाचणाऱ्याचें नव्हे, नाच पाहणाऱ्याचें आहे; आणि तेंहि पुष्कळ वर्षें भलत्याच ठिकाणीं पाहत राहिलेल्या माणसाचें.

गेल्या पावसाळ्याच्या आरंभीं माझा एक जुना विद्यार्थी भेटीस आला. तो परदेशीं जाणाऱ्या मालवाहू बोटीवर नोकरीस आहे. वर्षांतले आठ-नऊ महिने समुद्रावर आणि उरलेले गांवीं. बंदर बंदर हिंडलेला गृहस्थ, आतां स्वतः दोन मुलांचा बाप, पण माझ्या ओटीवर अजून "गुरुजी, बसूं कां?" असें विचारून बसतो. चहा झाल्यावर त्यानें खिशांतला मोबाइल काढला आणि म्हणाला, "गुरुजी, एक नाच दाखवतों. दक्षिण अमेरिकेंत पाहिला. पाहतांना मला माझा आजा आठवला. कां आठवला तें सांगतां येत नाहीं, म्हणून तुमच्याकडे आलों."

तो नाच म्हणजे टँगो. नांव तुम्हीं ऐकलें असेल. चित्रपटांतून आपल्यापुढें त्याचें जें रूप येतें त्यांत तांबड्या झग्यांतली एखादी सुंदरी, दांतांत धरलेला गुलाब, मानेचे झटके आणि डोळ्यांतून ठिणग्या. मीहि टँगो म्हणजे तेवढाच समजत होतों. परंतु मला दाखविलेल्या चित्रांत त्यांतलें कांहींच नव्हतें. ब्युनॉस आयर्स शहरांतला एक साधा, जुना दिवाणखाना. साठी उलटलेलीं जोडपीं, अधूनमधून कोणी तरुण. एकमेकांस हलकेंच कवेंत घेऊन तीं सारीं घड्याळाच्या कांट्याच्या उलट दिशेनें, दालनाभोवतीं चालत होतीं. होय, चालतच होतीं. उड्या नाहींत, गिरक्या बेताच्या. चेहऱ्यावर हसूं नाहीं कीं रडूं नाहीं. कित्येकांचे तर डोळे मिटलेले. आणि तरीहि पाहणाऱ्याच्या पोटांत कांहींतरी कालवे.

या नाचाची जन्मकथा आमच्यासारख्या बंदरकरांस परकी वाटूं नये. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत ला प्लाता नदीच्या मुखावरील ब्युनॉस आयर्स व माँटेव्हिडिओ या दोन बंदरांच्या गरीब वस्त्यांत तो वाढला. इटली आणि स्पेन येथून पोटासाठीं आलेलीं माणसें त्या किनाऱ्यावर उतरत होतीं, आणि त्यांत एकट्या पुरुषांची संख्या मोठी. घर मागें राहिलेलें, परत जाणें केव्हां घडेल याचा नेम नाहीं. पुरुष आपसांतच एकमेकांना धरून पावलांचा सराव करीत, असें सांगतात. जर्मनींतून आलेलें बँडोनियन नांवाचें एक वाद्य तेथें रुळलें. आपल्या पेटीच्या जातीचें, पण मांडीवर घेऊन दोन्ही हातांनीं ताणावयाचें. त्याचा सूर ऐकतांना कोणी तरी लांब श्वास घेऊन सोडीत आहे असा भास होतो. १९१३ च्या सुमारास पॅरिस शहरानें टँगोला डोक्यावर घेतलें, तेव्हां कोठें मायदेशींच्या प्रतिष्ठितांस तो आपला वाटूं लागला. (हा अनुभव आपणांसहि नवा नाहीं!) पुढें २००९ सालीं युनेस्कोनें मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादींत त्याची नोंद केली.

मला नवल वाटलें तें दुसऱ्याच गोष्टीचें. या नाचांत पावलांचा ठरलेला क्रम नसतो. दोघांपैकीं एक जण छातीच्या किंचित् हालचालीनें पुढचें पाऊल सुचवितो, दुसरें माणूस तें अंगानें ऐकतें आणि आपल्या परीनें उत्तर देतें. आणि दोघेंहि ऐकत असतात गाण्याला. माझ्या विद्यार्थ्यानें मला त्या संध्याकाळीं तीन जुन्या वाद्यवृंदांचीं ध्वनिमुद्रणें ऐकविलीं. डारिएन्सोची लय अशी टणक कीं बसल्या जागीं टाच हलूं लागावी. डी सार्लीचे सूर लांबरुंद, भरतीच्या पाण्यासारखे सरकत येणारे. आणि पुग्लिएसे नांवाचा जो तिसरा, तो मध्येंच लय अशी रोखून धरी कीं नाचणाऱ्याचें पाऊल अधांतरीं राहावें. "गुरुजी," माझा विद्यार्थी म्हणाला, "येथें जो थांबत नाहीं, त्याला नाच येत नाहीं असें तिकडचे म्हातारे म्हणतात."

मग मला त्याचा आजा कां आठवला असेल तें कळलें.

हा आजा आमच्या भागांतला नामांकित जाखडी नाचणारा. कोकणाशीं संबंध नसलेल्या श्रोत्यांसाठीं चार शब्द सांगावे लागतील. जाखडीलाच मुंबईकर 'बाल्या नाच' म्हणत आले. कानांत बाळी घालून मुंबईस घरगडी म्हणून राबणारा कोकणी माणूस तो 'बाल्या'. नांवांत थोडी कुचेष्टा आहे, ती आम्हीं मुकाट्यानें गिळली. गणपतीच्या दिवसांत, विशेषतः गौरीच्या रात्रीं, घरोघरच्या खळ्यांत जाखडी उभी राहते. मध्यें शाहीर, ढोलकीवाला, झांजवाले आणि झील धरणारे बसतात. त्यांच्याभोवतीं आठ-दहा गडी पायांत चाळ बांधून रिंगण धरतात. 'जखडणें' या शब्दापासून जाखडी झाली असें म्हणतात. गाणाऱ्यांचे पक्ष दोन, शक्तीवाले व तुरेवाले. एक आदिशक्तीला थोर मानणार, दुसरा शिवाला. गण होतो, गौळण होते, आणि मग त्यांचे सवालजवाब उजाडेपर्यंत चालतात. विद्वानांनीं या पदांतल्या अध्यात्माचा शोध घेतला आहे. पायांकडे मात्र फारसें कोणी पाहिलें नाहीं.

मीं ज्या काळीं जाखडी पाहूं लागलों त्या काळीं नाचणाऱ्यांचीं तोंडें मधल्या ढोलकीकडे असत. पाहणारांच्या वांट्याला येत त्या पाठी. शाहीर पहिली ओळ एकटा म्हणे तेव्हां पाऊल बारीक, जमिनीला नुसतें शिवणारें. झीलकरी तीच ओळ उचलीत तेव्हां पाऊल भरून येई. मग ढोलकी हळूहळू चढूं लागे, रिंगण फिरूं लागे, अंगें वांकत, उठत, वळत. आणि शेवटच्या तोड्यावर सगळे पाय एकदम पडले कीं क्षणभर सारें खळें मुकें होई. त्या मुकेपणांत पावसाच्या पागोळ्या ऐकूं येत. पुन्हां शाहीर संथपणें नवी ओळ धरी. वही पुढें घेऊन हें कोणी कोणाला शिकविलेलें नव्हतें. लहान पोर रिंगणाच्या मागें उभें राहून चार-पांच गणपती नुसतें पाय हलवी आणि एका वर्षीं आपोआप आंत घेतलें जाई.

आतां माझा प्रमाद सांगतों. १९९१ सालीं मी ज्या शाळेंत होतों तेथून तालुक्याच्या एका स्पर्धेसाठीं मुलांचें जाखडीचें पथक पाठवावयाचें ठरलें. मी उत्साही. मीं मुलांना रांगेंत उभें केलें, पावलांचे आंकडे पाडले, एक-दोन-तीन-चार. वळण केव्हां घ्यावयाचें तें कळावें म्हणून गळ्यांत शिट्टी अडकविली. परीक्षकांकडे 'हावभाव' या सदराखालीं गुण असत. म्हणून देवाचें नांव आलें कीं हात जोडा, यशोदेचें नांव आलें कीं डोळे मोठे करा, विरहाचें पद आलें कीं मान खालीं घाला, आणि उरलेला सर्व वेळ हसत राहा, असें मीं सांगितलें. मुलें गुणी होतीं. त्यांनीं तसेंच केलें आणि पहिलें बक्षीस आणलें. त्या बक्षिसानें माझें नुकसान केलें असें आज म्हणावें लागतें, कारण पुढें तीन वर्षें मीं तेंच केलें.

त्या पथकांत आमचा हा बोटीवरचा विद्यार्थी होता. सरावाच्या वेळीं त्याचा आजा शाळेच्या आंवारांत आंब्याखालीं येऊन बसे. एके दिवशीं मीं त्यास मोठ्या आशेनें विचारलें, "काय बाबा, कसें काय वाटतें?" तो थोडा वेळ बोलला नाहीं. मग म्हणाला, "पोरां गुनाची हायत, गुरुजी. पन ती तुमच्या शिटीवर नाचतात. ढोलकीवाल्याला काय वाटत आसंल?"

मीं तें हंसण्यावारी नेलें. परंतु त्या रात्रीं मला झोंप लागेना, कारण त्याच माणसाच्या बाबतींत आठ वर्षांपूर्वीं घडलेली एक गोष्ट मला आठवली.

१९८३ चा गणपती. माझी नेमणूक नुकतीच झालेली, वय तेवीस. त्याच्या आदल्या वर्षीं, १९८२ च्या जानेवारीच्या १८ तारखेस, मुंबईच्या कापडगिरण्यांचा संप सुरू झाला होता. सुमारें अडीच लक्ष कामगार त्यांत होते आणि त्यांत कोकणचीं माणसें किती, हें आमच्या खेड्यांतल्या चुलींना विचारावें. मनिऑर्डरी थांबल्या. जीं माणसें चार दिवसांसाठीं चाकरमानी म्हणून येत, तीं ट्रंक घेऊन कायमचीं परत आलीं. आमच्या वाडींतला ढोलकीवाला हा असाच गिरणींतला. मी सांगतों त्या आज्याचा तो बालमित्र. दर गौरीला मुंबईहून येई, आणि तीस वर्षें याच्या पावलाला त्याची ढोलकी व त्याच्या ढोलकीला याचें पाऊल अशी जोडी जमलेली. संपानंतर तो गांवीं आला तो खचलेलाच. १९८३ च्या ज्येष्ठांत वारला.

त्या वर्षीं ढोलकीवर एक वीस वर्षांचा पोरगा बसला. बिचारा घाबरलेला, लय धांवत होती. रिंगणांत नऊ गडी उभे राहिले. दोन पदें झालीं आणि मला खटकूं लागलें कीं चाळ वाजताहेत ते आठांचेच. नववा पाय पडतो, बरोबर पडतो, पण वाजत नाहीं. तो पाय या आज्याचा. ज्या मात्रेवर सर्वांत मोठा ठोका यावयाचा तेथें सगळ्यांचे चाळ झणकारत आणि त्याच्या जागेवर एक भोंक पडल्यासारखें होई. मधूनच तो पाऊल उचले आणि लगेच टाकीत नसे. ढोलकी पुढें जाई, आणि जणूं दुसऱ्याच कोणाच्या ढोलकीची वाट पाहून मग तें पाऊल खालीं येई. चेहरा कोरा. तोंडावर बत्तीचा उजेड होता, म्हणून सांगतों. डोळ्यांत टिपूसहि नव्हतें. ओटीवरच्या बायका मात्र पदर तोंडाशीं नेत होत्या. ढोलकीवरचा पोरगा थोड्या वेळानें सांवरला. त्यानें हात हलका केला, त्या उशीरा येणाऱ्या पावलासाठीं जागा ठेवूं लागला, आणि हळूहळू लय आपल्या मुक्कामावर आली.

आणि मी काय केलें? विश्रांतीच्या वेळीं मी त्याच्याजवळ गेलों आणि हलक्या आवाजांत म्हटलें, "बाबा, घाईंत चाळ बांधावयाचे राहिले वाटतें." त्यानें माझ्याकडे पाहिलें. राग नव्हता. "इसरलो नाय, गुरुजी. चाळ घरात हायत," एवढेंच म्हणाला आणि पुन्हां रिंगणांत जाऊन उभा राहिला. खळ्यांतल्या पोरासोरांनाहि जें कळलें होतें तें न कळलेला त्या रात्रीं मी एकटाच होतों, आणि गांवचा शिक्षकहि मीच होतों.

भरताच्या नाट्यशास्त्रांत अभिनयाचे चार प्रकार दिले आहेत: आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक. शेवटला तो आंतून येतो. आठ सात्त्विक भावांची जी गणना प्रसिद्ध आहे तींत अश्रु आहेत, कंप आहे, रोमांच आहे; परंतु आरंभ होतो तो 'स्तंभ' या भावानें, म्हणजे जागच्या जागीं थिजण्यानें. रंगमंचावरच्या नटाला दूरच्या प्रेक्षकापर्यंत भाव पोंचवावयाचा असतो, त्यामुळें त्याला डोळे नि हात वापरल्यावांचून गत्यंतर नाहीं. कथक नर्तकीला भ्रुकुटीचें काम असतें आणि तें तिनें करावेंच. पण जाखडी काय किंवा तो दूरदेशीचा टँगो काय, हे दाखविण्याचे नाच नव्हत. तेथें जो पाहतो तो फुकटचा पाहुणा. नाचणारा बोलत असतो तो वाजविणाऱ्याशीं आणि शेजारच्याशीं, आणि त्याचे शब्द म्हणजे केव्हां पाऊल टाकलें, किती भार दिला, कोठें राखलें. दुःख झालें म्हणून दुःखाचें तोंड करणें हें तेथें घरच्या माणसांशीं व्याख्यानाच्या भाषेंत बोलण्यासारखें आहे.

ऐकणें म्हणजे नुसता ठेका पकडणें नव्हे, हेंहि येथें सांगितलें पाहिजे. ठेका कोणीहि पकडतो. माझ्या शिट्टीनेंहि पकडला होता. तरुण गडी ढोलकीच्या मागें लागतात आणि तें त्यांच्या वयाला शोभतें. जुने गडी शाहिराच्या श्वासाकडे कान देत. ओळीच्या शेवटीं त्याचा दम कोठें संपतो, कोणत्या शब्दावर तो रेंगाळतो, हें त्यांना आधीं कळे, आणि ठेका चालू असतांनाच त्यांचें अंग त्या रेंगाळण्याबरोबर क्षणभर मागें राही. त्या म्हाताऱ्या टँगोकरांचेंहि हेंच चाललें होतें. ठोका पायाखालीं आणि सूर छातींत, अशी त्यांची वांटणी दिसली.

दोन देहांनीं एकमेकांचें ऐकणें हा प्रकारहि आमच्या जिल्ह्याला अपरिचित नाहीं. शिमग्यांत पालखी नाचवितात, ती ज्यांनीं जवळून पाहिली असेल त्यांना मी काय म्हणतों तें समजेल. दांडीच्या पुढच्या खांद्यानें जरा भार घेतला कीं मागच्या खांद्याला तें लांकडांतून कळतें. ढोल काय सांगतो आहे आणि पुढचा भोई काय ठरवितो आहे, दोन्ही एकदम ऐकावें लागतें. तोंडानें कोणी कांहीं बोलत नाहीं. गोव्यांतील ख्रिस्ती घरांच्या मांडोंतहि, व्हायोलिन आणि घुमटाच्या संथ सुरांवर समोरासमोरच्या दोन रांगा जेमतेम पुढेंमागें सरकतात. विरहाचें गाणें आणि पावलें मोजकीं. मीं तो एकदांच, मडगांवला एका लग्नांत पाहिला, म्हणून त्यावर अधिक बोलत नाहीं.

जुनें तें सर्व सोनें असें म्हणण्याचा माझा हेतु नाहीं. जाखडी आतां मुंबईच्या नाट्यगृहांत तिकीट लावून होते, त्यानें शाहिरांस चार पैसे मिळतात, हें चांगलेंच. अलीकडे मुली आणि बायकाहि नाचूं लागल्या आहेत. गेल्या वर्षीं मीं पाहिलेल्या एका पथकांत सोळा-सतरा वर्षांची एक मुलगी होती, तिचें पाऊल त्या आज्याच्या तोडीचें थांबत होतें. माझी तक्रार ध्वनिक्षेपकाबद्दल आहे. ढोलकीच्या जोडीला विजेचीं वाद्यें आलीं, मोठमोठे कर्णे आले, आणि त्या गडगडाटांत नाचणाऱ्याला स्वतःचे चाळ ऐकूं येत नाहींत, मग शेजारच्याचे कोठून येणार? रिंगणहि मोडलें. प्रेक्षकांकडे तोंड करून सगळे एका ओळींत उभे राहतात आणि हसतात. तें हसूं पाहिलें कीं मला माझी शिट्टी आठवते.

तो आजा जाऊन आतां पुष्कळ वर्षें झालीं. १९८३ नंतर त्यानें दुसऱ्या वर्षीं पुन्हां चाळ बांधले होते. तो नवा ढोलकीवाला पोरगा पुढें चांगला तयार झाला, आणि त्यांत या बिनआवाजी पावलाचा वांटा किती हें तोच सांगूं शकेल. माझ्या विद्यार्थ्याला ही सारी हकीकत ठाऊक नव्हती. तो तेव्हां पाळण्यांत होता. मीं सांगितली तेव्हां तो बराच वेळ खालच्या बंदराकडे पाहत बसला. मासेमारी बंद होती, होड्या कांठाला ओळीनें लागलेल्या. मग उठून त्यानें माझ्या ओटीवरच मला तें टँगोचें चालणें करून दाखविलें, आणि मीहि, दार लोटून घेऊन, त्याच्याबरोबर चार पावलें टाकलीं. पांचव्या पावलाला माझ्या धक्क्यानें पाण्याची कळशी कलंडली, तेव्हां आंतून सौभाग्यवतींनीं विचारलें तें मी येथें सांगत नाहीं.

आज्याचे चाळ अजून त्यांच्या घरीं माजघरांतल्या खुंटीवर आहेत. यंदा गौरीच्या रात्रीं तो गांवीं असणार आहे. पुष्कळ वर्षांनीं असा योग आला. "बांधूं कां, गुरुजी?" असें त्यानें जातांना विचारलें. मीं म्हटलें, "पहिली रात्र ढोलकीच्या शेजारीं नुसता बसून राहा. दुसऱ्या रात्रींचें मग पाहूं."